बाहुली कुणाची, बॅट कुणाची?

बालमित्रांनो,

या आठवड्याची पत्रं घेऊन बसलो होतो. कुणाला इंद्रधनुष्य अर्धगोलच का दिसतं ते हवं होतं, तर कुणाला पालीची तुटलेली शेपटी का वळवळते ते. तेवढ्यात वहीचं पान फाडून लिहिलेलं एक पत्र हाती आलं. ते वाचलं आणि इंद्रधनुष्य पुढच्या आठवड्यावर ढकललं. पत्र आपल्याच छत्रपती संभाजीनगरातलं आहे. लिहिणारी सहावीत शिकते. ‘सर, नाव छापू नका’ असं तिनं दोनदा बजावलंय, म्हणून नाव सांगत नाही. पत्र थोडं कमी करून देतो.

‘सर, माझा भाऊ साडेचार वर्षांचा आहे. त्याला माझी ओढणी पदरासारखी घेऊन नाचायला आवडतं. तो माझ्याशी भातुकली खेळतो. माझ्या बाहुलीला मांडीवर घेऊन झोपवतो. दिवाळीला मामा आले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “ही बघा आमची दुसरी भाची!” सगळे हसले. बाबांना राग आला. त्यांनी बाहुली माळ्यावर टाकून दिली आणि त्याला बॅट आणून दिली. तो बॅटला हात लावत नाही. आता तो पलंगाखाली शिरून उशीला झोपवतो आणि कुणी आलं की गप्प होतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, हिनंच त्याला मुलींचे खेळ शिकवून बिघडवलं. सर, त्याला काही आजार आहे का? आणि माझी चूक झाली का?’

बेटा, तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच सांगून टाकतो. आजार नाही आणि तुझी चूकही नाही. पण मी विज्ञानाचा मास्तर. नुसतं ‘नाही’ म्हणून कसं चालेल? कारणं द्यायला हवीत. तेव्हा बाकीच्या मित्रांनो, तुम्हीही ऐका. आणि जमलं तर हे पान आई-बाबांनाही वाचायला द्या.

आवड येते कुठून?

एखाद्याला कारलं आवडतं, एखाद्याला नाही. खेळांचंही तसंच. पण खेळांच्या बाबतीत एक गोष्ट जगभर दिसते. तीन-चार वर्षांची मुलं पाहिली, तर बरेच मुलगे चाकाच्या गाड्या, पळापळी आणि मारामारीकडे वळतात. बऱ्याच मुली बाहुल्या आणि घर-घर खेळण्याकडे. ‘बरेच’ आणि ‘बऱ्याच’ हे शब्द नीट लक्षात ठेवा हं! सगळे नव्हे.

हे आपोआप होतं की आपण शिकवतो? शास्त्रज्ञ यावर पुष्कळ वर्षं डोकं खाजवत आहेत. त्यांना दोन्हीकडचे पुरावे मिळाले आहेत.

आधी शरीराची बाजू पाहू. बाळ आईच्या पोटात असतं, तेव्हाच त्याच्या शरीरात काही रसायनं तयार होऊ लागतात. त्यांना संप्रेरकं किंवा हार्मोन म्हणतात. त्यातलं एक टेस्टोस्टेरॉन. ते मुलग्यांच्या शरीरात जास्त, मुलींच्या शरीरात कमी, पण दोघांतही असतं. काही मुलींना मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींचा एक दुर्मिळ विकार जन्मतःच असतो. त्यामुळे आईच्या पोटात असतानाच त्यांच्या शरीरात अशी संप्रेरकं नेहमीपेक्षा जास्त तयार होतात. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स या दोन संशोधक बाईंनी अशा ३ ते ८ वर्षांच्या मुलींपुढे निरनिराळी खेळणी ठेवली आणि त्या कशाशी किती वेळ खेळतात ते मोजलं. त्यांच्याच नात्यातल्या, हा विकार नसलेल्या मुलींपेक्षा त्या गाड्या आणि ठोकळ्यांशी जास्त वेळ खेळल्या. हा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. आणखी एक सांगतो. अशा मुलींपैकी बहुतेक जणी मोठेपणी स्वतःला मुलगीच मानतात. गाडी आवडली म्हणून कुणी मुलगा होत नाही.

माकडांचीही एक गंमत ऐका. अमेरिकेत काही माकडांपुढे चाकांची खेळणी आणि मऊ कापडी खेळणी ठेवली. नर माकडांनी चाकांच्या खेळण्यांना पसंती दिली. माद्या मात्र दोन्हींशी खेळल्या. हा अभ्यास २००८ सालचा. आता माकडांना कुणी सांगितलं होतं, ‘अरे, तू मुलगा आहेस, गाडी घे’? म्हणजे शरीराचा काहीतरी वाटा आहे खरा.

पण यावरून कुणी काकू म्हणतील, ‘बघा, निसर्गाचा नियमच आहे!’ थांबा. तुमच्या वर्गातल्या सगळ्यांना उंचीनं रांगेत उभं करा. मोठ्या माणसांत पुरुष सरासरीनं उंच असतात, तरी कितीतरी बायका कितीतरी पुरुषांपेक्षा उंच असतात. उंच बाईला आपण आजारी म्हणतो का? सरासरी म्हणजे नियम नव्हे. निसर्गात दोन डबे नसतात. एक लांबलचक रांग असते, आणि त्या रांगेत प्रत्येक जण कुठेतरी उभा असतो.

आता घराची बाजू

१९७८ साली इंग्लंडमध्ये एक मजेदार प्रयोग झाला. काही आयांना सहा महिन्यांचं एक अनोळखी बाळ खेळवायला दिलं. कधी त्या बाळाला मुलीचे कपडे आणि मुलीचं नाव, तर कधी मुलाचे कपडे आणि मुलाचं नाव. बाळ मुळात कोण आहे ते आयांना माहीत नव्हतं. जवळ खेळणी ठेवली होती. झालं काय? ‘मुलगा’ समजून घेतलेल्या बाळाच्या हाती हातोडीसारखा खुळखुळा गेला, त्याला उड्या मारायला लावलं गेलं. ‘मुलगी’ समजून घेतलेल्या बाळाला बाहुली मिळाली. सहा महिन्यांच्या बाळानं काही मागितलं होतं का? छे! आपण मोठी माणसं न कळत निवडतो, आणि बाळ ते शिकतं.

आता, बेटा, तुझ्या कामाचा अभ्यास सांगतो. तोही इंग्लंडचाच, २००० सालचा. तीन वर्षांच्या पाच हजारांहून अधिक मुलामुलींच्या खेळांची माहिती त्यांच्या घरून गोळा केली. कुणाला मोठा भाऊ आहे, कुणाला मोठी बहीण, कुणाला कुणीच नाही, हेही लिहून घेतलं. असं दिसलं की ज्या मुलग्यांना मोठी बहीण होती, ते मुलींचे म्हणून ओळखले जाणारे खेळ जरा जास्त खेळत. पण मुलग्यांचे म्हणून ओळखले जाणारे खेळ त्यांनी कमी केले नव्हते. कळलं? ताईनं काही काढून घेतलं नाही. ताईनं भर घातली. काकूंना हे जरूर सांग, पण गोड आवाजात.

मग शरीर जिंकलं की घर? त्यासाठी जुळ्या भावंडांकडे जाऊ. एकसारखी जुळी म्हणजे एकाच गर्भपेशीतून झालेली. त्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ सारखा असतो. वेगवेगळी दिसणारी जुळी साध्या भावंडांसारखी असतात. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षांच्या हजारो जुळ्यांचा असा अभ्यास झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुद्दाम चाकोरीबाहेर खेळणाऱ्या मुलग्यांकडे आणि मुलींकडे लक्ष दिलं होतं. एकसारख्या जुळ्यांच्या आवडी एकमेकांशी जास्त जुळल्या, म्हणजे वारशाचा वाटा आहे. पण दोघांनी मिळून अनुभवलेल्या घराचाही वाटा दिसला. म्हणजे पोळीत कणीक किती महत्त्वाची आणि पाणी किती, असं विचारण्यासारखं आहे हे. दोन्ही एकत्र मळलं गेलं की वेगळं काढता येत नाही. आणि यात गुन्हेगार कुणीच नाही. आई नाही, ताई नाही, बाळ तर नाहीच नाही.

ओढणी घेतली की आई!

साडेचार वर्षांच्या मुलाचं डोकं कसं चालतं तेही पाहू. दोन-तीन वर्षांचं मूल ‘मी मुलगा’ किंवा ‘मी मुलगी’ असं सांगायला लागतं. पण पाच-सहा वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांना वाटतं की केस वाढवले, फ्रॉक घातला की मुलाची मुलगी होते आणि काढला की परत मुलगा! हळूहळू त्यांना कळतं की कपड्यानं काही बदलत नाही. तोवर टॉवेल खांद्यावर घेतला की सुपरमॅन, ओढणी घेतली की आई, काठी घेतली की पोलीस. तुझा भाऊ बाहुलीला झोपवतो, तेव्हा कदाचित तो आई होत असेल. कदाचित बाबाही होत असेल! बाबा नाही का बाळाला झोपवत?

आपल्याकडे पूर्वी एक रीत होती. ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथं नवा मुलगा झाला की त्याचं नाक टोचायचे, त्याला नथ किंवा चमकी घालायचे, कधी कधी मुलीसारखं वाढवायचे. का, तर दृष्ट लागू नये म्हणून. ‘नथू’ हे नाव त्या रीतीतूनच आलं. गावागावांत असे नथूकाका, नथूआबा होऊन गेले. नथ घातली म्हणून ते काही मुली झाले नाहीत. मिशा ठेवून, शेती करून, नातवंडं खेळवून गेले.

आणि ‘हे बायकांचं, ते पुरुषांचं’ ही यादी तरी कुठे पक्की आहे? भिकबाळी पुरुषांच्याच कानात असायची. पंढरीच्या वाटेवर मोठमोठे मिशाळ वारकरी फुगडी घालतात, त्यांना कुणी हसत नाही. विठ्ठलाला आपण माउली म्हणतोच. आपल्या पैठणच्या नाथमहाराजांनी कितीतरी भारुडं बाईच्या तोंडची लिहिली, आणि ती सादर करायला पुरुष लुगडं नेसून उभे राहतात. पैठणी विणणाऱ्या हातांत पुरुषांचे हात कितीतरी. आपल्या शहरातला नान-खलिया मोठमोठ्या देगांत शिजवणारे कोण? पुरुषच! मोठ्यांनी पैठणी विणली तर कलाकार, देग ढवळली तर उस्ताद, आणि चिमुकल्यानं भातुकलीत खोटा भात शिजवला तर ‘बायल्या’? हा कुठला हिशेब, बुवा?

एक कठीण प्रश्न

तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. आई-बाबांच्या मनात तर नक्कीच आला असेल, फक्त ते बोलत नाहीत. ‘हा मोठेपणी कसा होईल?’

खरं उत्तर असं, की साडेचाराव्या वर्षी ते कुणालाच सांगता येत नाही. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि पुढे कितीतरी वर्षं स्त्रीभूमिका करत राहिले. त्यांची साडी, त्यांचे दागिने पाहून घरोघरच्या बायका आपले कपडे निवडत. रंगभूमीबाहेर ते संसारी गृहस्थ होते. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींना लहानपणी नाचाचं वेड होतं आणि त्यावरून त्यांना खूप चिडवलं गेलं. जन्मल्यावर त्यांना मुलगा मानलं होतं. त्यांनी मोठेपणी सांगितलं की आपण तो नाही. पुढे त्या तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी उभ्या राहिल्या. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना कायद्यापुढे ओळख देणारा मोठा निकाल दिला, त्या खटल्यात त्याही होत्या. पाहा, दोघांच्या वाटा किती वेगळ्या. दोघंही आपल्याच महाराष्ट्रातले, आणि दोघांनाही लोक मानतात.

बाहुलीशी खेळणारे बरेच मुलगे पुढे चारचौघांसारखेच मोठे होतात. काही वेगळ्या वाटेनं जातात. बाहुली माळ्यावर टाकून वाट बदलत नाही. बदलतं एवढंच, की मूल पलंगाखाली जातं.

डॉक्टर मंडळीही आता हेच सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी असते. तिची २०१९ साली मंजूर झालेली आणि २०२२ पासून लागू झालेली आवृत्ती स्पष्ट बजावते, की नुसतं वेगळं वागणं आणि वेगळ्या आवडी एवढ्यावरून कुठलंही निदान करू नये.

आई-बाबांसाठी चार ओळी

रागावू नका, पण एक विचारतो. मुलगी झाडावर चढली की आपण म्हणतो, ‘अगदी मुलासारखी आहे हं आमची!’ आणि त्यात कौतुक असतं. मुलाला ‘मुलीसारखा’ म्हटलं की ती शिवी होते. असं का? मुलीसारखं असणं आपल्याला मनातून कमी वाटतं म्हणून ना? मग हे ऐकणारी घरातली लेक काय शिकत असेल? आणि ते कौतुकही फार दिवस टिकत नाही. ती बारा-तेरा वर्षांची झाली की तीच बॅट आपण काढून घेतो.

मुलाला दोन्ही द्या, बाहुलीही आणि बॅटही. कशाचीही सक्ती नको आणि कशाचीही चेष्टा नको. पाहुण्यांनी चेष्टा केली तर मुलादेखत शांतपणे म्हणा, ‘त्याला आवडतं, खेळू दे.’ एवढं एक वाक्य पुरतं. मात्र मूल गप्प गप्प राहू लागलं, जेवेनासं झालं, शाळेत जायला घाबरू लागलं, किंवा ‘मी मुलगा नाही’ असं वर्षानुवर्षं कळवळून सांगू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटा. त्याला ‘सरळ करायला’ नव्हे, त्याचं ऐकून घ्यायला.

माझी एक गोष्ट

आता मास्तरांची चूक ऐका. मी पाचवीत होतो. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. आमच्या वर्गात एक मुलगा होता, तो फार सुंदर रांगोळी काढायचा. ठिपके न मोजता! स्नेहसंमेलनाला शाळेच्या दारात त्यानं मोर काढला. आम्ही पाच-सहा जणांनी त्याला ‘बाई, बाई’ म्हणून चिडवलं. एकानं रांगोळीवरून पाय फिरवला. तो पाय माझा नव्हता, पण हसणाऱ्यांत मी होतो. पुढच्या वर्षी मोर निघाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आम्ही त्याला कधी ‘चुकलो’ म्हटलं नाही. मी पुढे छत्तीस वर्षं शिकवलं. दर संमेलनाला दारातली रांगोळी पाहिली की मला तो मोर आठवतो.

म्हणून, बेटा, तुला जे करायचं ते आज कर. बाबांना हे पान दाखव. तेही रागानं वागले नसतील. ‘पुढे शाळेत पोरं याला त्रास देतील’ या भीतीनं वागले असतील. ती भीती खोटी नाही, हे मी पायानं पुसलेल्या मोराच्या साक्षीनं सांगतो. पण त्यावर औषध पोरांना द्यायला हवं, तुझ्या भावाला नव्हे. मग बाबांना म्हण, ‘बाबा, स्टूल मी धरते, बाहुली तुम्ही काढा.’ बाबांच्याच हातून ती भावाला मिळू दे. मामांचा फोन आला की त्यांनाही सांग, ‘मामा, तुमच्या भाच्याला पुन्हा भाची म्हणू नका. तो रडला होता.’ मामा चांगले असतील तर ऐकतील.

आणि बाकीच्या मित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ! एका कागदाच्या दोन्ही बाजूंना घरातली कामं आणि खेळ लिहा. एका बाजूला ‘हे फक्त मुलीच करू शकतात’, दुसऱ्या बाजूला ‘हे फक्त मुलगेच करू शकतात’. मग एकेका नोंदीपुढे ‘का?’ लिहा आणि उत्तर शोधा. उत्तर सापडलं नाही तर ती नोंद खोडा. मदतीला बालभारतीचं दुसरीचं पुस्तक आहे. २०१९ साली त्यातली चित्रं बदलली आणि आईबरोबर बाबाही भाजी निवडायला बसले. तुमच्या घरचे बाबा बसतात का? नसतील बसत, तर मेथीची जुडी त्यांच्यापुढे ठेवा आणि काय होतं ते मला कळवा.

खोडून खोडून कागदावर काय उरतं, तेही लिहा. पुढच्या आठवड्यात इंद्रधनुष्य नक्की.

तुमचे,
सर